दुसऱ्या दिवशीचा प्रश्न

पोरा जवळ आला की रायपूरच्या पंडरी कापड बाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही. पोरा म्हणजे आपला पोळा. त्याच अमावास्येला छत्तीसगढातही बैलांची पूजा होते, मुलं चाकं लावलेले मातीचे नंदी दोरीने ओढत गल्लीभर फिरतात. आणि पोऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी तीजा. आपली हरितालिका आणि इथला तीजा एकाच तिथीला, भाद्रपद शुद्ध तृतीयेला येतात. पण दोन्हींचा जीव वेगळा. आपल्याकडे तो वाळूच्या पिंडीचा, पत्रीचा, जागरणाचा दिवस. इथे तो लेकीच्या माहेरपणाचा सण. भाऊ किंवा वडील सासरी जाऊन तिला घेऊन येतात. असा न्यायला येणारा माणूस म्हणजे 'लेवाल'. उपासाच्या आदल्या रात्री बायका एकमेकींच्या घरी जाऊन करू भात खातात, म्हणजे कारल्याची भाजी आणि भात. डब्यांत ठेठरी-खुरमी भरलेली असते. आणि माहेरची नवी साडी तर हवीच. म्हणून त्या दिवसांत महालक्ष्मी क्लॉथ मार्केटच्या गल्ल्यांतून साड्यांच्या गाठी आणि हमाल यांच्यामधून वाट काढत चालावं लागतं.

मी याच बाजारात एका पेढीवर हिशेब बघायला लागले तेव्हा एवढं सगळं मला माहीत नव्हतं. रायपूरच्याच तात्यापारा मोहल्ल्यात वाढलेली मी. घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि छत्तीसगढी कानांवर पडायची ती भाजीवालीची, रिक्षावाल्याची. पेढीवर बिलं करणारी एक मुलगी माझ्या शेजारच्या टेबलाशी बसायची. लग्न होऊन तीनेक वर्षं झालेली, हाताने चलाख, बोलायला कमी. श्रावणातल्या एका दुपारी ठाणांची मोजणी चालू असताना ती म्हणाली, "दीदी, ए बछर मोर भाई लेवाए बर आही." यंदा माझा भाऊ मला न्यायला येणार आहे. मी वहीतून मान वर न करता म्हणाले, "अगं, आमचीही हरितालिका त्याच दिवशी असते. मी तर उपास धरून कामावर येते."

"हव दीदी," ती म्हणाली आणि पुढचं बिल करायला लागली.

त्या वर्षी उन्हाळ्यात तिचे वडील गेले होते. दर वर्षी लेवाल म्हणून तेच यायचे. त्यांच्या मागे आपल्याला कोणी न्यायला येईल की नाही, ही धाकधूक तिने चार महिने मनात धरली होती. भावाचा निरोप आला त्या दिवशी ती ते पहिल्यांदा बोलून दाखवत होती, आणि तिला समोर मी भेटले. हे मला दिवाळीच्या सुमारास कळलं, तेही गोदाम सांभाळणाऱ्या सहकाऱ्याकडून. तोही तेव्हा तिथेच ठाणं मोजत होता. त्या वेळी तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याने तिला विचारलं होतं, "भाई कोन गाड़ी म आही?" भाऊ कोणत्या गाडीने येणार?

एवढंच. पण पुढे काय झालं ते सांगते. एका लॉटमधली ठाणं पट्टीवर लिहिलेल्या मापापेक्षा थोडी थोडी आखूड भरत होती. गावोगावचे दुकानदार बिल घेताना कुरकुरायचे आणि ती कुरकुर रोज तिच्या कानांवर पडायची. तिने ती गोष्ट मला नाही, त्याला सांगितली. त्याने दहा ठाणं सोडवून मोजली आणि मालकांपुढे ठेवली. पुढच्या वर्षी खरेदीचं काम त्याच्याकडे गेलं. त्या जागेवर माझा डोळा होता. हिशेबात मी त्याच्याहून पक्की होते, आजही आहे. पण आखूड ठाणांची बातमी माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेल्या मुलीपाशी महिनाभर पडून होती आणि मला तिचा पत्ता नव्हता.

तेव्हापासून ऐकणं हा माझ्या आस्थेचा विषय झाला. मिळेल ते वाचत गेले, बाजारात बघत गेले. नोकरीत पुढे जाण्याबद्दल जे सल्ले मिळतात त्यांत बोलण्याचे फार असतात: छाप कशी पाडावी, मुलाखतीत काय सांगावं, बैठकीत आपला मुद्दा कसा रेटावा. बोलून पुढे गेलेली माणसं मीही पाहिली आहेत, ते नाकारत नाही. पण कामाच्या जागी खरी मोलाची वस्तू म्हणजे बातमी. कुठे माल अडकला, कोण गिऱ्हाईक नाराज आहे, कोणता हिशेब जुळत नाही, कोण सोडून जायच्या विचारात आहे. ती ज्याच्याकडे आपणहून चालत येते त्याच्यावर जबाबदारी येते, आणि जबाबदारीच्या मागोमाग बढती. आणि ती येते पूर्वी कधीतरी, काही काम नसताना, सांगणाऱ्याची मनापासून चौकशी केलेल्या माणसाकडे.

मी त्या मुलीला जे उत्तर दिलं त्याचा अभ्यास झालेला आहे. चार्ल्स डर्बर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने मित्रमंडळींच्या, जेवणाच्या टेबलावरच्या गप्पांचं बारकाईने निरीक्षण केलं आणि १९७९ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याच्या मांडणीप्रमाणे समोरच्याच्या बोलण्याला आपण दोन तऱ्हांनी प्रतिसाद देतो. एकात बोलण्याचा रोख आपल्याकडे वळतो, दुसऱ्यात तो त्याच्याकडेच राहतो. "माझी आई आजारी आहे" याला "माझीही होती मागच्या महिन्यात" हा पहिला, "कधीपासून? जवळ कोण आहे?" हा दुसरा. पहिला प्रतिसाद देणारा वाईट नसतो. त्याला वाटतं आपण सहानुभूतीच दाखवतोय, 'मीही त्यातून गेलोय' असं सांगतोय. मलाही तसंच वाटलं होतं. पण ऐकणाऱ्याच्या दृष्टीने त्याच्या हातातली गोष्ट काढून घेतलेली असते.

असं का होतं, याचं एक कारण मेंदूच्या वेळापत्रकात आहे. २००९ साली जगातल्या १० वेगवेगळ्या भाषांमधल्या नैसर्गिक संभाषणांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचा प्रश्न संपल्यापासून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी जेमतेम २०० मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. डोळ्याच्या एका उघडझापीपेक्षाही जास्त नाही. आता दुसरी मोजणी बघा. एखादं साधं चित्र दाखवलं आणि त्याचं नाव सांगायला सांगितलं, तर तो एक शब्द तोंडातून निघायला मेंदूला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. ६०० लागत असताना २०० मध्ये उत्तर येतं कसं? समोरचा अजून बोलत असतानाच आपण आपलं वाक्य जुळवायला घेतलेलं असतं म्हणून. हा संभाषणाचा नियमच आहे, त्याशिवाय गप्पा वाहणार नाहीत. पण त्याची किंमत अशी की वाक्याच्या शेवटाकडे आपलं लक्ष पातळ झालेलं असतं. आणि माणसं महत्त्वाचं बरेचदा शेवटी बोलतात. "तसं सगळं बरं आहे" म्हटल्यावर क्षणभर थांबून जे येतं, ते खरं. त्याच क्षणी आपलं तयार वाक्य तिथे जाऊन बसतं.

यावर उपाय सोपा आणि फार कठीण आहे: थांबणं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या आसपास वर्गांतली संभाषणं ध्वनिमुद्रित करून तपासली. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबत होते. तेवढ्यात उत्तर आलं नाही की दुसऱ्याला विचारायचे किंवा स्वतःच सांगून टाकायचे. तोच अवधी ३ सेकंदांच्या वर नेला, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, 'माहीत नाही' म्हणणारी कमी झाली, आणि एरवी गप्प राहणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे काय ते एकदा घड्याळात बघून घ्या. दुकानाच्या गादीवर, मागे फोन वाजत असताना, ते तीन सेकंद खूप मोठे असतात.

पण नुसतं गप्प बसणं म्हणजे ऐकणं नव्हे. हे मला पंडवानीने शिकवलं.

पंडवानी म्हणजे छत्तीसगढातली महाभारत सांगण्याची परंपरा. तीजाच्या सणावरून ज्यांचं नाव पडलं त्या तीजनबाईंनी ती जगभर नेली. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. एका हातात तंबुरा घेऊन त्या भीमाची गदा, दुःशासनाचा हात, अर्जुनाचा रथ सगळं उभं करायच्या, आणि बघणाऱ्याची नजर त्यांच्यावरून हलायची नाही. पण मी तुम्हाला त्यांच्या मागे बसलेल्या माणसाकडे बघायला सांगेन. तो 'रागी'. कथा सांगणारी एक वाक्य बोलते, की रागी हुंकारू देतो: "हव", "हां भाई". मध्येच विचारतो, मग काय झालं? कधी शेवटची ओळ उचलून धरतो, कधी चकित होतो, कधी न कळल्यासारखं करतो म्हणजे तिला उलगडून सांगता यावं. आपल्या पोवाड्यात झीलकरी "जी जी" म्हणत शाहिराला उचलून धरतात, त्याच्याच कुळातलं हे काम, पण रागीला त्याहून जास्त मोकळीक आहे. हा रंगमंचावर बसवलेला श्रोता आहे, आणि त्याला कलाकाराचा मान आहे. ऐकणाऱ्यावाचून कथा पुढे सरकत नाही, हे इथल्या परंपरेने ओळखून ठेवलं आहे.

प्रयोगशाळेत हे २००० साली दिसलं. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जॅनेट बाव्हेलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांना स्वतःच्या आयुष्यातला थोडक्यात निभावलेला एखादा प्रसंग सांगायला सांगितला. समोर श्रोता. काही श्रोत्यांना मात्र गुपचूप वेगळं काम दिलं होतं: सांगणाऱ्याच्या बोलण्यात इंग्रजी 'टी' या अक्षराने सुरू होणारा शब्द आला की लपवलेलं बटण दाबायचं. म्हणजे हे श्रोते शब्द न् शब्द कान देऊन टिपत होते, पण गोष्ट ऐकत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर ऐन वेळी दचकणं, डोळे विस्फारणं, "बाप रे" हे उमटेना. परिणाम सांगणाऱ्यांवर झाला. त्यांची गोष्ट बिघडली, आणि सर्वांत जास्त बिघडली ती शेवटी, जिथे प्रसंग टिपेला पोहोचायला हवा तिथे. कुणी शेवट दोनदा सांगितला, कुणी तो प्रसंग खरंच कसा धोक्याचा होता याचं समर्थन करत बसलं. श्रोता खराब मिळाला की चांगला बोलणाराही अडखळतो.

हे वाचलं त्या दिवशी मी माझ्या टेबलाकडे बघितलं. बिलाच्या आकड्यांवर डोळे ठेवून "हं, हं" म्हणणारी मीही तो बटण दाबणारा श्रोताच होते. माझ्या हाताखालच्या एक-दोन मुलांबद्दल "नीट सांगताच येत नाही यांना" अशी माझी तक्रार असायची.

डॉक्टरांवर असा अभ्यास पूर्वीच झाला होता. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी ७४ रुग्णभेटींची ध्वनिमुद्रणं तपासली. रुग्ण आपली तक्रार सांगू लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला मध्येच तोडत होते, आणि चारातल्या एका रुग्णालाही आपलं सांगणं पुरं करता येत नव्हतं. १९९७ साली वेंडी लेव्हिन्सन आणि सहकाऱ्यांनी आणखी पुढची गोष्ट बघितली: ज्या फॅमिली डॉक्टरांवर रुग्णांनी कधी हलगर्जीचे दावे लावले नाहीत ते वेगळं काय करतात? ते रुग्णाला सरासरी १८ मिनिटं देत होते. दावे लागलेले १५. आणि ते रुग्णाचं मत विचारत होते, त्याला बोलतं ठेवत होते, त्याच्याबरोबर हसत होते. वेळेचा फरक फक्त ३ मिनिटांचा. वेळ नाही, ही आपली सबब इथे लंगडी पडते.

माझ्या आखूड ठाणांच्या गोष्टीची मोठी बहीण मला एमी एडमंडसन यांच्या संशोधनात भेटली. १९९० च्या दशकात त्या रुग्णालयातल्या वॉर्डांचा अभ्यास करत होत्या. औषधं देताना होणाऱ्या चुका आणि वॉर्डमधलं सहकार्य यांचा संबंध शोधायचा होता. जिथे माणसं एकदिलाने काम करतात तिथे चुका कमी असणार, अशी त्यांची अपेक्षा. आकडे उलटे आले. चांगल्या वॉर्डांत चुका जास्त! बऱ्याच विचारानंतर उलगडा झाला: तिथे चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या. मुख्य परिचारिका ऐकून घेणारी असली की धाकट्या परिचारिका येऊन बोलत. रागावणारी असली की चुका गादीखाली जात. कागदावर निष्कलंक दिसणारा विभाग खरोखरच निष्कलंक आहे की मुका आहे, हा प्रश्न तेव्हापासून मी प्रत्येक हिशेबाच्या वहीला विचारते.

पंडरीतलंच उदाहरण सांगते. बरीच वर्षं बाजारापासून चार पावलांवर बसस्थानक होतं. २०२१ साली ते भाटागावला नेलं. अभनपूर, कुरूदकडून येणारी किती तरी माणसं पंडरीच्या दुकानांत कामाला असतात. पूर्वी ती बसमधून उतरून थेट कामावर हजर व्हायची. आता भाटागावला उतरायचं, तिथून ऑटो, वाटेत गर्दी. हजेरीच्या वहीत रोज 'उशीर' चढू लागला आणि पगारातून कापला जाऊ लागला. मी तेव्हा दुसऱ्या एका पेढीवर माणसांच्या कामाच्या वेळा बघत होते. एका हमालाला मी रागावण्याऐवजी विचारलं, घरून कितीला निघतोस? सकाळी साडेसहाला, म्हणाला. पूर्वी? साडेसातला. म्हणजे वहीतला आळशी माणूस पूर्वीपेक्षा एक तास आधी घर सोडत होता. आम्ही चौघा-पाच जणांची वेळ अर्ध्या तासाने पुढे सरकवली, संध्याकाळी तेवढंच जास्त थांबायचं ठरवलं. संध्याकाळी माल चढवायला माणसं कमी पडायची, ती अडचणही त्यातून सुटली. मालकांनी मला विचारलं, हे सुचलं कसं? सुचलं नव्हतं. विचारलं होतं.

कारखान्यांच्या इतिहासात अशा विचारण्याचा सर्वांत मोठा प्रयोग शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात झाला. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हा टेलिफोनची यंत्रं बनवणारा कारखाना. १९२८ ते १९३० या काळात तिथे २० हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला प्रश्न ठरलेले होते: उजेड कसा आहे, मुकादम कसा आहे. पण माणसं सारखी विषय सोडून जात. विचारावं उजेडाबद्दल तर सांगत घरच्या आजारपणाबद्दल. मग मुलाखत घेणाऱ्यांना सूचना बदलून दिली: तुम्ही विषय ठरवू नका, तो सांगेल ते ऐका, मध्ये तोडू नका, सल्ला देऊ नका. अर्ध्या तासाच्या मुलाखती तासा-दीड तासावर गेल्या. आणि काहीही बदललेलं नसताना कामगार म्हणू लागले की आता इथली परिस्थिती सुधारली आहे.

या शेवटच्या वाक्याची लोक वाहवा करतात. मला ते खटकतं. नंतरच्या टीकाकारांनी म्हटलंच की असं ऐकणं म्हणजे कुकरची शिट्टी: वाफ जाते, आतलं तसंच शिजत राहतं. ऐकून काहीच केलं नाही तर तो समोरच्याचा विश्वासघात आहे. एकदा-दोनदा माणूस बोलेल, तिसऱ्यांदा "सब बने बने हे दीदी" म्हणेल, सगळं छान आहे, आणि तो दरवाजा कायमचा बंद होईल.

ऐकून पुढे काही घडवणं कसं असतं, ते आमच्या शेजारच्या गडचिरोलीत बघावं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे 'सर्च' ही संस्था काढली. राणीताईंनी गावातल्या बायकांशी इतकं आणि असं बोलणं ठेवलं की त्या कुणाजवळ न बोललेलं त्यांच्याजवळ बोलू लागल्या. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली; त्यांच्यापैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होते आणि पूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. १९८९ साली तो निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला, आणि खेड्यातल्या बाईच्या आरोग्याकडे फक्त बाळंतपणापुरतं बघणाऱ्या जगाला धक्का बसला. त्या बायकांच्या सांगण्यातून उभ्या राहिलेल्या पुस्तकाचं नावच 'कानोसा' आहे. मराठीतला हा शब्द मला फार आवडतो. कानोसा घेणारा माणूस दार ढकलून आत येत नाही. उंबऱ्याशी थांबतो, श्वास रोखतो, आतून काय येतंय त्याला कान देतो.

आणि बंगांनी ऐकलं ते फक्त रुग्णांचं नाही, बरोबर काम करणाऱ्यांचंही. बालकांचा न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती ते मोजावं लागतं. गावातल्या दायांना एवढ्या मोठ्या आकड्यापर्यंत मोजता यायचं नाही. बाहेरच्या तज्ज्ञाने तिथेच हात टेकले असते: निरक्षर बाया, यांना काय जमणार. बंगांनी त्यांना काय येतं ते बघितलं आणि साधन त्याप्रमाणे बनवलं: मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेवर ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला की न्यूमोनिया. सहकाऱ्याबद्दलची आस्था म्हणजे वाढदिवसाचा केक नव्हे. त्याला काय येतं, काय येत नाही, हे अपमान न करता समजून घेणं आणि त्याप्रमाणे काम बेतणं, हे तिचं खरं रूप.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्याकडे नवा माणूस कामावर आला की पहिले प्रश्न ठरलेले असतात. आडनाव काय? गाव कोणतं? त्या गावातले कोणते? हे कुतूहल वाटतं, पण विचारणाऱ्याला माणूस कळून घ्यायचा नसतो, त्याची जात कळून घ्यायची असते, म्हणजे त्याला कुठल्या खणात ठेवायचं ते ठरतं. ज्याने आयुष्यभर हे प्रश्न झेलले आहेत त्याला तुमच्या आवाजातून ते लगेच ओळखू येतं. तीच गोष्ट बायकांना विचारल्या जाणाऱ्या "अजून मूलबाळ नाही?" ची. ज्या प्रश्नाचं उत्तर देताना समोरच्याला काहीतरी लपवावं लागेल तो प्रश्न आस्थेचा नाही. त्याने आपणहून काय सांगितलं आहे, तिथून सुरुवात करावी. त्याने भावाचं सांगितलं ना, मग भावाचं विचारा.

आणि म्हणून मी गोदामवाल्या सहकाऱ्याच्या त्या प्रश्नाकडे पुन्हा पुन्हा येते. त्याने तो त्याच दिवशी विचारला असता तर चांगलंच झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी विचारला यात जास्त काहीतरी आहे. समोर असताना मान डोलावणं, "अरे वा" म्हणणं हे कुणालाही शिकता येतं, त्याच्या कार्यशाळाही असतात. पण दुसऱ्या दिवशीचा प्रश्न खोटा विचारता येत नाही, कारण त्यासाठी रात्रभर ती गोष्ट तुमच्याजवळ राहिलेली असावी लागते. "आईची तपासणी झाली का?" "मुलाचा दाखला मिळाला?" तीन-चार शब्दांचं वाक्य, ऐकणाऱ्याला कळतं की काल आपण बोललो ते वाया गेलं नाही. मी काही वर्षं हे वहीत टिपून ठेवायचे, कारण माझी स्मरणशक्ती आकड्यांची आहे, माणसांची नाही. टिपून ठेवण्यात लबाडी आहे असं मला एक जण म्हणाला. मला तसं वाटत नाही. उधारी आपण टिपून ठेवतोच की.

रायपूरच्या मराठी माणसांनी या कामाची वाट कधीच घालून दिली आहे, असं मला माधवराव सप्र्यांकडे बघून वाटतं. घरची भाषा मराठी असलेल्या या माणसाने १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केलं. बरोबर संपादक रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामनराव लाखे. तिघेही मराठी, आणि तिघांनी कान दिला तो इथल्या लोकांच्या भाषेला. पुढे सप्र्यांनी दासबोध हिंदीत आणला. त्यातल्या चौथ्या दशकात नवविधा भक्ती येते, आणि तिची पहिली पायरी कीर्तन नाही, श्रवण आहे. १९२६ साली सप्रे रायपुरातच गेले. मी छत्तीसगढी शिकले ती मात्र उशिरा, चाळिशीत, आणि बिलांच्या टेबलावर. व्याकरण अजून चुकतं. मुली हसतात, दुरुस्त करतात, आणि दुरुस्त करता करता दोन गोष्टी जास्त सांगतात.

२०१९ पासून तीजाला राज्यात सरकारी सुट्टी असते. बाजारात मात्र ती दुकानदुकानावर अवलंबून. आमच्याकडे आता श्रावण लागला की मी कागद घेऊन बसते: कुणाचा लेवाल कधी येणार, कोण पोऱ्याच्या आधी जाणार, कोण तीजाच्या आदल्या दिवशी. ज्यांना जायचं नाही त्यांच्याशी वेगळं, हळू बोलते, कारण न जाण्याचीही कारणं असतात. मागच्या वर्षी गणपती बसल्यावर तिसऱ्या दिवशी एक नवी मुलगी माहेरून परतली. टेबलावर तिने स्टीलचा डबा ठेवला, झाकण उघडलं, बेसनाच्या ठेठरीचा खमंग वास आला. डबा माझ्याकडे सरकवून ती बिलाचं मशीन सुरू करायला वळली. मी तिला विचारलं, "करू भात कितीजणींकडे खाल्लास? आणि जाण्याआधी म्हणत होतीस, काकीशी अबोला आहे, तिच्याकडेही गेलीस का?"

तिने मशीनवरचा हात काढला. स्टूल पायाने पुढे ओढलं.

"बइठव न दीदी," ती म्हणाली. "बतावत हंव."